वेलिकाच्या डब्यातले अक्रोड

स्लिवोव रित,
१२ ऑक्टोबर

चि. रालित्सा हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र जेवणाची गाडी चालवणाऱ्या मिंचोने डब्याच्या वरच्या पुडात ठेवून आणलं. त्यावर घेवड्याच्या सुपाचा डाग पडलाय, पण अक्षर लागलं. फोनची तार पुन्हा कुणीतरी कापून नेली, तेव्हा आता जे काही ते कागदावरच. मी चार यत्ता शिकलेली बाई, काना-मात्रा चुकली तर मनात दुरुस्त करून घे.

तुला नगरपालिकेत टेबल मिळालं हे मी साऱ्या गावाला दोनदा सांगितलं. गाव म्हणजे सतरा माणसं, फार वेळ लागला नाही. पेन्को म्हातारा म्हणाला, आता नात वर बसली, म्हणजे त्सोनाला सुपात मांसाचा तुकडा जास्त येईल. मी म्हटलं, आला तरी तुझ्या वाटणीचाच येईल.

तू विचारलंस की तुमच्या खात्याचं म्हाताऱ्यांसाठीचं दुपारचं जेवण गावात कसं पोहोचतं. छान पोहोचतं गं. बारा वाजता मिंचो वळणावर हॉर्न वाजवतो, फाटकाला भरला डबा अडकवतो आणि कालचा धुतलेला घेऊन जातो. आता धुतलेला म्हणजे काही रिकामा नव्हे. दुसऱ्याचं भांडं रिकामं कोण परत करतं? मी भाजलेल्या मिरच्यांची चटणी घालते. पेन्को घरी गाळलेल्या दारूची, राकियाची, बारकी बाटली ठेवतो आणि वर चिठ्ठी लावतो, औषध. शिंपीणबाई आलुबुखाराचा मुरांबा देते, तो जरा करपलेला असतो, पण आपण बोलायचं नाही. कुणाची अंडी, कुणाची सुकी सफरचंदं. शेजारच्या वेलिकाच्या डब्यातसुद्धा अक्रोड असतात. कुठून, ते विचारू नकोस. मिंचो ते सगळं स्वयंपाकघरातल्या बायकांत वाटतो. म्हणतो, या गावाहून परत जाताना माझी गाडी येतानापेक्षा जड असते.

वेलिकाचे डोळे आता अगदीच गेले. गेल्या हिवाळ्यात शेगडीवर हात भाजून घेतल्यापासून ती चूल पेटवतच नाही. तुमच्या डब्यावरच आहे बिचारी. पण कान तिखट. काल माझ्या कोंबडीचा आवाज ऐकून म्हणाली, ही आजारी आहे. आणि खरंच होती.

थंडी पडली आहे, लोकरीचे मोजे घाल. आजीवर माया ठेव आणि जेवत जा.

तुझी,
त्सोना आजी


नगरपालिका कचेरी,
२१ ऑक्टोबर

ती. आजीस,
रालित्साचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. पेन्को आजोबांच्या औषधावर सगळे इतके हसले की खातेप्रमुख काल्पाकोवाबाई आतून उठून आल्या. मला वाटलं, रागावणार. पण त्या म्हणाल्या की आपल्या मासिक पत्रकाला असलंच काहीतरी हवं, नाहीतर तिसऱ्या पानावर दर महिन्याला गटाराचीच बातमी असते.

मग मी लिहिलं. सोबत अंक पाठवते. ‘जिथे डबा रिकामा परत येत नाही.’ तू सांगितलंस तसंच लिहिलंय, कोण काय घालतं ते नावानिशी. माझं छापलेलं पहिलं लिखाण, आजी. खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे, चष्मा लावून बघ.

मोजे घालते. तुझा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
रालित्सा


स्लिवोव रित,
६ नोव्हेंबर

चि. रालित्सा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

आधी चांगलं सांगते, कारण पुढे माझा पारा चढणार आहे. तुझा अंक मी देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला लावला. वेलिकाला दोनदा वाचून दाखवला. स्वतःच्या नावापाशी तिने माझा हात धरून थांबवलं. मग म्हणाली, पोरगी लिहिते छान. पेन्कोने आपलं नाव कापून पाकिटात ठेवलं आणि अंकाला भोक पाडलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आता ऐक. सोमवारी मिंचो आला तो हॉर्न न वाजवता. अकरा फाटकांना डबे लावले आणि सहा फाटकांना कागद. माझ्या फाटकाला कागद, वेलिकाच्या फाटकाला कागद. मोठा शिक्का मारलेला. लिहिलंय काय, तर सदर व्यक्तीकडे स्वतःच्या उत्पादनातून अन्नाची सोय असल्याचे निदर्शनास आल्याने भोजन बंद करण्यात येत आहे. आणि ज्यांचं चालू आहे त्यांनी डबा स्वच्छ, कोरडा व रिकामा परत करावा. रिकामा, रालित्सा. सरकारी कागदावर. हे लिहिणाऱ्याला आई होती की तो कपाटातून निघाला?

मुठीभर अक्रोड म्हणजे उत्पादन. माझी चटणीची बाटली म्हणजे कारखाना. त्या शिंपीणबाईचा करपलेला मुरांबा म्हणजे उद्या परदेशी जाणार बहुतेक.

माझं सोड, मला हात आहेत, शेगडी आहे. पण वेलिका पाण्यात पाव भिजवून खाते आहे. मी ताट नेलं तर दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, नगरपालिकेचं जेवण माझ्या हक्काचं होतं, मी चाळीस वर्षं दुधाच्या डेअरीत राबले त्याचं होतं. तुझं जेवण शेजारणीचं. आज घेतलं की उद्यापासून तुझ्या पावलांची वाट बघत बसायचं. मी म्हटलं, अगं, अशी कशी गं हट्टी. ती म्हणाली, तुझ्याकडूनच शिकले. काल तिच्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत वर सरकलेली पाहिली मी.

आता तू एक काम कर. तू तिथेच बसतेस. कोण चुगलखोर आहे ते शोधून काढ. गावात कोण काय डब्यात घालतं हे त्या खात्याला नावानिशी सांगितलं कुणी? मला मिंचोचा संशय आला होता, पण तो कागद लावताना रडत होता. सापडला की मला फक्त नाव कळव. उरलेलं मी बघते.

रागात आहे, पण तुझ्यावर नाही. तुझ्यावर माया आहेच.

त्सोना आजी


नगरपालिका कचेरी,
११ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

नाव रालित्सा आहे.

आजी, प्रांताच्या कचेरीतून तपासनीस आला होता. त्याच्या टेबलावर माझा अंक होता आणि नावांखाली लाल रेघा मारलेल्या होत्या. त्याने विचारलं की ज्यांच्याकडे वाटायला आहे त्यांना आपण का वाढतो. काल्पाकोवाबाई फायली चाळत राहिल्या. उत्तर मला माहीत होतं, पण मी नुसतं त्याचं बोलणं लिहून घेत राहिले. कागद टाइप करायला माझ्याकडेच आला. ‘रिकामा’ हा शब्द मी माझ्या हाताने टाइप केला. तुला कळवायचं धैर्य आठ दिवस झालं नाही.

एक वाट आहे. वीस तारखेला समिती बसणार आहे. त्या दिवशी जी यादी ठरेल ती वसंतापर्यंत बदलणार नाही. काल्पाकोवाबाई म्हणाल्या की वेलिकाआजीचं प्रकरण सगळ्यांत सोपं आहे, कारण तिच्या नावावर जमीन नाही, झाड नाही, कोंबडी नाही. मग ते अक्रोड कुणाचे एवढंच कुणीतरी समितीसमोर सांगायला हवं. तू पत्रात म्हणालीस विचारू नकोस. मी विचारलं नाही आणि छापून मोकळी झाले. आता विचारते.

अंक खिळ्यावरून काढून टाक. आणि जमलं तर माझ्यावरची माया काढू नकोस.

तुझी,
रालित्सा


स्लिवोव रित,
१५ नोव्हेंबर

चि. रालित्सा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी तुला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या, मग पेन्कोला दिल्या कारण तो समोर होता. तोंड माझंच सुटलं होतं गं. तू फक्त ते पुढे नेलंस. अंक खिळ्यावरच आहे, आणि तिथेच राहील.

अक्रोड माझे आहेत. दोन वर्षांपूर्वी जेवण सुरू झालं त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी कुंपणापलीकडून बघत होते. वेलिका धुतलेला डबा छातीशी धरून फाटकाजवळ उभी होती. अडकवायला हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. मिंचो आला तेव्हा त्याला म्हणाली, अजून वाळला नाही, उद्या ने. तीन दिवस तो डबा वाळत होता. बाई आयुष्यात कुणाच्या दारी रिकाम्या हाताने गेली नव्हती. चौथ्या दिवसापासून तिने तो अडकवला की मी चपला हातात घेऊन जायची आणि अक्रोड घालून यायची. कधी दोन अंडी. मिंचो फाटकातून ओरडायचा, वेलिकाआजी, अक्रोड मस्त होते, आणि ती मान ताठ करून म्हणायची, खा बाबा.

हे मी आता तीन साहेबांसमोर, तिच्या देखत सांगू? की वेलिकाकडे काही नाही, तिची अब्रू दोन वर्षं मी माझ्या खिशातून भरते आहे? तिला जेवण मिळेल, पण ती फाटक उघडेल का? आणि नाही सांगितलं तर हिवाळ्यात ती फाटकापर्यंत चालत येईल का? तुमच्या त्या तपासनिसाने एवढ्याशा चांगल्या गोष्टीचा कसा गळफास करून ठेवला बघ. मला तर त्याच्या डोक्यावर चटणीची बाटली रिकामी करावीशी वाटते, आणि मग बाटली त्याने धुऊन कोरडी करून परत द्यावी.

वीस तारखेला सकाळच्या बसने येते. वेलिकाही येते म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

रडू नकोस. मोजे घाल. आजी तुझीच आहे.

त्सोना


स्लिवोव रित,
२३ नोव्हेंबर

चि. रालित्सा हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला नात म्हणून समितीच्या खोलीबाहेर बसवलं हे नियमाने बरोबर असेल, पण मला पटलं नाही. नंतर बसची वेळ झाली आणि सांगणं राहून गेलं. काल्पाकोवाबाई तुला सांगेल तेव्हा स्वतःची बाजू जरा गोड करून सांगेल. म्हणून माझ्याकडून ऐक.

बसमध्ये वेलिकाने तो तीन पुडांचा डबा मांडीवर धरला होता. दोन वेळा मी घेऊ का म्हणून विचारलं, दोन्ही वेळा नको म्हणाली. रस्त्यात मी मनात जुळवत होते की कसं सांगायचं म्हणजे तिला लागणार नाही. काही जुळलं नाही. तेवढ्यात तुमच्या कचेरीच्या पायऱ्या आल्या. त्या पायऱ्यांना कठडा नाही, हे मी वेगळ्या पत्रात लिहिणार आहे, तुझ्या साहेबांना.

आत तो तपासनीस होता, काल्पाकोवाबाई होती आणि एक लिहून घेणारी. तपासनिसाने विचारलं की अक्रोड कुणाचे. मी तोंड उघडलं तोच वेलिकाने माझ्या बुटावर काठी टेकवली, चांगली जोर देऊन. आणि म्हणाली की अक्रोड त्सोनाचे. पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. मी आंधळी आहे, खुळी नाही. हलका डबा अडकवायचा आणि मग मिंचोने अक्रोड छान होते म्हणायचं, एवढं न कळायला काय झालं? आणि त्सोनाला वाटतं की ती चपला हातात घेते म्हणजे आवाज होत नाही. तिचे गुडघे वाजतात.

रालित्सा, मी दोन वर्षं अनवाणी गेले गं, बर्फातसुद्धा. मी तिला तिथेच विचारलं की मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुला किती आनंद व्हायचा, तो कशाला घालवू.

मग तिने डबा टेबलावर ठेवला आणि तिन्ही पुडं चाचपत एकेक करून मांडली. म्हणाली, कागदात लिहिलंय तसा धुतलेला, कोरडा आणि रिकामा आणलाय. हे माझं उत्पादन. बोट घालून बघा आणि लिहून घ्या. तपासनिसाने खरोखर वाकून बघितलं. लिहिणारीने लिहिलं. मग वेलिकाने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, आता माझा डबा मला परत द्या.

काल्पाकोवाबाईने पुडं एकावर एक रचली, कडी लावली, डबा उचलला, आणि तिचा हात थांबला. मी बघत होते. नखं रंगवलेली, केस कापलेले, पण तिलाही कुणा आईनेच वाढवलेलं. तिने तपासनिसाकडे बघितलं. तपासनीस खिडकीकडे बघायला लागला. डबा असा मध्येच, ना टेबलावर ना वेलिकाच्या हातात. शेवटी तिने कडी काढली, खणातून स्वतःच्या जेवणातली बानित्सा काढली, चीज घातलेली, घरी भाजलेली, आणि कागदात गुंडाळून वरच्या पुडात ठेवली. मग तपासनिसाचा खिसा जरा हलला आणि त्यातून एक संत्रं निघालं. तेही गेलं डब्यात. तो कुणाकडेच बघत नव्हता.

वेलिकाने डबा हातात घेतला, तोलला आणि म्हणाली, भरलाय. आता हेही लिहा, नाहीतर पुढच्या तपासनिसाला वाटेल की मी इथून अन्नाची सोय करून गेले. तुमची ती काल्पाकोवाबाई लाल झाली, मग हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. सहाही नावं परत घातली. रिकाम्या डब्याचा नियम मात्र कागदावर तसाच आहे. मिंचो म्हणतो की त्याचं काम गाडी चालवायचं, डब्यात डोकावायचं नाही.

पण मला सांगायचं होतं ते पुढचंच. काल जेवण सुरू झालं. बानित्सा आम्ही दोघींनी बसमध्येच अर्धी अर्धी संपवली होती. आज वेलिकाने डबा अडकवला आणि मी सवयीने गेले, यावेळी चपला घालून, टाच आपटत. अक्रोड घालायला झाकण उघडलं तर आत ते संत्रं होतं. पुसून चकचकीत केलेलं, खाली स्वच्छ रुमाल. मी माझे अक्रोड खिशात परत घातले. मिंचो आला, झाकण न उघडताच म्हणाला, वेलिकाआजी, आज काय वेगळाच वास येतोय. ती मान ताठ करून म्हणाली, खा बाबा.

हे छापायचं असेल तर आधी तिला विचार. मला विचारू नकोस, मी हो म्हणेन.

अक्रोड तुला पाठवते आहे, मिंचोकडे, माझ्या डब्यात. डबा परत पाठवशील तेव्हा नियम मोड. आणि आजीवर होता तेवढाच जीव असू दे, वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
त्सोना आजी