इम्तियाजची चेनसॉ आणि माझी कानस

२१ एप्रिल, सकाळी ७.१०
आजपासून नोंदी ठेवणार. रिटायर होऊन पाच महिने झाले आणि लेखी रेकॉर्डशिवाय काम करायची आपल्याला सवय नाही. कंपनीत सत्तावीस वर्षं मोटरसायकलचे पिस्टन तपासले, शिफ्टला बाराशे. इथे चिखलीच्या सोसायटीत मात्र मला लोक फक्त टँकर आला का एवढंच विचारतात.

काम मिळालं आहे. आमच्या आवारातल्या झाडांच्या फांद्या छाटायला येतो तो इम्तियाज. त्याची चेनसॉ गरम झाली की मान टाकते. तो ती आकुर्डीला रिझवानच्या गॅरेजात न्यायला निघाला होता, मी गेटवरच अडवला. म्हटलं, राव, पिस्टनचा माणूस घरात रिकामा बसलाय आणि तू गॅरेजात कशाला जातोस? तो म्हणाला, काका, पावसाच्या आधीचे हेच पाच-सहा आठवडे माझे, वर्षाचं काम ह्यातच, आणि मशीन एकच हाय. मी म्हटलं, चार दिवस दे. मशीन देऊन गेला. पद्मा म्हणते, त्याला नाही म्हणायला जमलं नाही. बायकोला माणसाची पारख नाही.

२२ एप्रिल
गॅलरी ताब्यात घेतली. पिवळी टेप लावून जागा आखल्या: हत्यारं, चालू काम, तपासलेले पार्ट, रिजेक्शन. पद्माच्या कुरडया रिजेक्शनमध्ये आल्या. ती म्हणाली, ऊन तिथंच येतं, कुरडया हलणार नाहीत. टेप हलवली.

इंजिन खोलायला पावणेतीन तास लागले. यूट्यूबवाला अकरा मिनिटांत खोलतो, पण तो मधलं कापून दाखवतो.

२३ एप्रिल
पिस्टन पाहिला. धूर बाहेर जातो त्या बाजूला उभे ओरखडे, नख अडकतं. त्याच्याभोवतीची रिंग सैल. रिझवानने म्हणे इम्तियाजला फोनवरच सांगितलं होतं की नवा पिस्टन, नवी रिंग, अर्ध्या दिवसाचं काम. हे गॅरेजवाल्यांचं ठरलेलंच. झिजलं की बदल. का झिजलं हे कोण विचारणार? कंपनीत आम्ही पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय चहाला उठत नव्हतो. कागदावर मांडलं. मशीन का थांबते? दाब धरत नाही. का? पिस्टन झिजला. का? तापला. का? धूर नीट बाहेर पडत नाही. का? सिलिंडरच्या भिंतीत धूर जायची जी खिडकी असते, एक्झॉस्ट पोर्ट, ती लहान आहे. म्हणजे डिझाइनच चुकलं आहे. ज्यांनी बनवलं त्यांना पत्र लिहायला हवं.

पद्माने कागद वाचला आणि सहावा ‘का’ विचारला, की हे सगळं आपल्या गॅलरीत का? फॉर्मवर चौकटी पाचच असतात.

२४ एप्रिल
निर्णय: खिडकी मोठी करायची. ह्याला पोर्टिंग म्हणतात, परदेशात शर्यतीच्या मशीनला करतात. बारीक गोल कानस आणली. रोज पाव मिलिमीटर, जास्त नाही. घाई केली की क्वालिटी गेली.

इम्तियाजचा फोन. त्याला वीस मिनिटं शास्त्र समजावलं. तो जी, जी म्हणत होता. शेवटी म्हणाला, मग उद्या भेटंल ना मशीन?

२७ एप्रिल, रविवार
उजवीकडे जरा जास्त घासलं गेलं. मग डावीकडे सारखं केलं. मग डावी जास्त वाटायला लागली. नखं कापताना होतं तसं झालं. खिडकी आता ऐसपैस आहे. कडेला आतलं चकचकीत अस्तर थोडं सुटलं, पण ते दिसण्यापुरतंच असणार.

उद्यापासून पहाटे उठून फिरायला जायचं. खांदा दुखतोय.

२९ एप्रिल
फिरायला गेलो नाही. इम्तियाज स्वतःच आला. दारातच बसला, आत यायला तयार नव्हता. मोशीच्या एका सोसायटीचं काम भीमराजकडे गेलं म्हणाला. भीमराज त्याच्याच धंद्यातला, दोन मशीन बाळगून आहे. तक्रारीचा सूर नव्हता, बातमी सांगावी तसं सांगितलं. मग विचारलं, काका, हाय तशी नेऊ का? मी म्हटलं, आत्ता नेलीस तर ती अर्धवट तपासलेला माल ठरेल. त्याला ते पटलं असावं, कारण तो उठायला लागला.

पद्माने त्याला कुरडया बांधून दिल्या आणि सॉरी म्हणाली. माझ्या वतीने सॉरी म्हणायला हिला कुणी सांगितलं? तो गेल्यावर मी हे विचारलं. ती म्हणाली, तुम्ही जन्मात एक तरी इंजिन खोललंय का?

३० एप्रिल
कालच्या प्रश्नाबद्दल रेकॉर्डसाठी. इंजिन खोलणं हे असेंब्लीचं काम, माझं तपासणीचं. माझ्याकडे गेज होतं. पिस्टन एका फटीतून गेला पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये, इतकं बघायचं. शेवटची सहा वर्षं ते कॅमेरा बघायचा आणि मी कॅमेऱ्याजवळ बसायचो. पण बसलेला माणूसही शिकतच असतो.

३ मे
जुना पिस्टन घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून रिझवानकडूनच नवा आणला. हे त्याचं म्हणणं मान्य करणं नव्हे. त्याने विचारलं, कोण बसवणार? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, पिस्टनच्या डोक्यावरचा बाण बघून बसवा, काका. मला हसूच आलं. लाइनवर माझ्या डोळ्यांसमोर सत्तावीस वर्षं बोर्ड होता: पिस्टनवरची खूण कार्बोरेटरच्या बाजूला. मला झोपेतून उठवून विचारा. ह्या सगळ्या कामात हीच एक गोष्ट मला यूट्यूबवर बघावी लागली नाही. बाण कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आत येतं त्या बाजूला, करून बसवला.

इम्तियाजला कळवलं, उद्या दहा वाजता ट्रायल.

४ मे, सकाळी ११
ट्रायल पार्किंगमध्ये झाली. इम्तियाज होता, सेक्रेटरी होते, वॉचमन होता, आणखी चार-पाच जण गाडी काढता काढता थांबले. दोन शब्द बोललो. तिसऱ्या ओढीला मशीन सुरू झाली. काय आवाज होता. इम्तियाज हसला, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मी पद्माकडे वर पाहिलं, ती गॅलरीत होती.

दहाएक सेकंदांनी आतून ‘कट्’ असं झालं आणि मशीन बंद पडली. मग दोरी ओढली जाईना. मी लोकांना सांगितलं की नवीन पिस्टन आहे, रुळायला वेळ घेतो. लोक गेले. इम्तियाजने एकदा दोरी ओढून पाहिली, अगदी हलकेच, आणि सोडून दिली.

५ मे
खोलली. रिंगचे तीन तुकडे. एक खिडकीत अडकलेला, त्याने पिस्टनही फोडला आणि सिलिंडरही सोलला. पिशवीत घालून रिझवानकडे नेलं.

त्याने बराच वेळ पाहिलं. म्हणाला, मोटरसायकलला खूण कार्बोरेटरकडेच असते काका, तुमचं बरोबर हाय. ह्या मशीनला बाण धुराकडे. उलटा बसला की रिंगचं तोंड, म्हंजे ती जिथं कापलेली असते ते, खिडकीवर येतं आणि अडकतं. मग त्याने खिडकीत बोट घालून दाखवलं आणि म्हणाला, आणि येवढी मोठी केल्यावर बाण सरळ असता तरी फार तर आठवडा. ह्या मेकचा सिलिंडर आता येत नाही. मशीन गेली.

मी विचारलं, काहीच होणार नाही का? त्याने हात पुसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो ओरडला असता तर मीही चार शब्द बोललो असतो. चहा प्यायलो.

६ मे
संकल्प: आज इम्तियाजला समक्ष सांगायचं. गेटपर्यंत गेलो. ऊन फार होतं.

७ मे
नवी चेनसॉ घेऊन द्यायची, हे पद्माने ठरवलं आणि मला पटलं. चिंचवडचा डीलर म्हणतो, सीझन आहे, स्टॉक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तीन ठिकाणी विचारलं. सगळीकडे जूनच. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर फांद्या कोण छाटून घेणार? तरी बुक केली. दुसरं काय करणार मी.

८ मे
आज समक्ष सांगायला निघालो तर कळलं, पद्माने त्याला परवाच फोन केला. तो म्हणाला म्हणे, काकांना सांगा, टेन्शन घेऊ नका. मी तीन मुद्दे काढून ठेवले होते, तो चिडला तर द्यायला. खिशातच राहिले.

गॅलरीतली टेप काढली. चिकटपणा राहिलाय, पद्मा रॉकेलने पुसते आहे. मी पुसतो म्हटलं तर नको म्हणाली.

१२ मे
आज आमच्या सोसायटीची छाटणी. सेक्रेटरींनी काम भीमराजला दिलं. भीमराज वर मशीन घेऊन, आणि खाली तिघे-चौघे दोरी ओढायला, फांद्या गोळा करायला. त्यांत इम्तियाज होता. दरवर्षी तो वर असतो.

सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, काय रे, तुझ्या मशीनचं काय झालं? मी दोन हातांच्या अंतरावर उभा. तो म्हणाला, जुनी होती साहेब, गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. बोलायला हवं होतं, की जुनी नव्हती, मी मोडली. तोंड उघडलं, तेवढ्यात वर चेनसॉ सुरू झाली आणि कुणाला काही ऐकू येईना.

मग निदान हात तरी लावू म्हणून तो ओढत होता त्या फांदीचं दुसरं टोक धरलं. भीमराज वरून ओरडला, ओ काका, बाजूला व्हा, लागंल. इम्तियाजने माझ्या हातातून फांदी काढून घेतली आणि हळूच म्हणाला, व्हा काका बाजूला.

झालो. काम संपेपर्यंत तिथेच उभा होतो.