चिंधी राहणार, रिपोर्ट काहीही म्हणोत

कात्रप, बदलापूर पूर्व
रविवार, १४ डिसेंबर २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे
(चिंधीची गोळी दोन चमच्यांमध्ये चुरून सुकटीच्या पाण्यात कालवत असताना हे लिहायला घेतले आहे.)

आदरणीय राजरत्नमामा यांना सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत, यशोधरामामींचा खोकला आणि अंबरनाथच्या घरावरची टाकी (गळत होती ती) सर्व ठीक असेल असे धरून चालतो. मी बरा आहे. चिंधी बरी नाही, आणि पत्राचा विषय तोच आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला दुसरे वाक्य बोलू देत नाही आणि माझे म्हणणे नेहमी तिसऱ्या वाक्यात असते.

मागच्या रविवारी तुम्ही इथे येऊन हुकूम केलात की खोली तुमच्या नावावर आहे, महिनाअखेरीस एकतर मांजर जाईल नाहीतर मी. मी फाइल पुढे ठेवली. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "प्रम्या, ही आजारी नाही, नाटकी आहे." नेमकी त्याच क्षणी ती कबूतर बघायला खिडकीवर उडी मारून चढली, त्यामुळे माझी बाजू पडली, हे मी मान्य करतो. परंतु मामा, ज्याला दुखते तो दिवसभर फक्त दुखत बसत नाही. मध्येच कबूतरही बघतो. पाठीवर हात ठेवला की ती किंचाळते, हे तुम्ही पाहिले नाहीत, कारण तुम्ही हात ठेवला नाहीत.

तुमचा मान राखावा म्हणून गुरुवारी तिला पुन्हा डॉक्टर किर्तीमॅडमकडे न्यायचे ठरवले. त्यांचा दवाखाना कॅम्प दोनमध्ये, आमच्या जीन्सच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत आहे. वेळ दुपारची मिळाली, म्हणून सकाळीच तिला कामावर घेऊन गेलो. मालाच्या कापडी पिशवीत घातले, हवेसाठी तोंड थोडे उघडे ठेवले आणि आमच्याकडे प्रत्येक पिशवीला लावतात तशी चिठ्ठी टाचली : "नाजूक. वर वजन ठेवू नये. आधी हलवावे." (शेवटचे दोन शब्द, आग लागलीच तर तिला आधी बाहेर काढावे, या विचाराने लिहिले होते.) अक्षर चांगले काढले. तिथेच चुकलो. चिठ्ठी नसती तर टेम्पोवाल्या सदूने त्या पिशवीला बोटही लावले नसते. पण चिठ्ठी म्हणजे माल, आणि "आधी" म्हणजे अर्जंट पार्टीचा माल, म्हणून मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात त्याने बाकीचे सगळे सोडून चिंधीला टेम्पोत टाकले आणि इस्त्रीला पोचवले.

मी धावत गेलो. इस्त्रीखान्यात, नुकत्याच दाबलेल्या गरम जीन्सच्या थप्पीवर, चिंधी पोट वर करून पसरली होती. इस्त्रीवाल्या बनूबाई एका हाताने इस्त्री मारत होत्या आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत होत्या. तीच पाठ, मामा. मागून आमचे मालक कमलेशशेठ आले. थप्पीवरचे केस बघून त्यांनी विचारले की हा पार्टीचा माल आहे की प्राणिसंग्रहालय (त्यांनी हिंदीत विचारले, शब्द जरा वेगळे होते). मी म्हणालो, शेठ, पेशंट आहे. ते म्हणाले, "पेशंट है तो बिठा के रख, मेरे माल पे क्यों सुलाया?" मग ती सगळी थप्पी मी ब्रशने झाडली. बनूबाई म्हणाल्या, "पोरा, मांजर नेतोयस का नवरी? एवढा घाम कशाला?"

आता खरा घोटाळा ऐका. ऊब लागल्यामुळे चिंधी इतकी सुखावली की दवाखान्यात तिने मॅडमना पाठ, पोट, शेपूट सगळे चाचपू दिले. हूं नाही की चूं नाही. मॅडमनी पुन्हा नॉर्मल लिहिले. मी वाद घातला (मी, ज्याने दहावीच्या परीक्षकाशीही घातला नाही). तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून सांगितले, "दुखतं हे मला मान्य आहे. का, ते सापडत नाही. कदाचित सापडणारही नाही. सांभाळावं लागेल." संध्याकाळी घरी आल्यावर ती पुन्हा कळवळली. पण त्या वाक्यानंतर माझ्या मनातली भीती थोडी कमी झाली आणि राग बराच वाढला.

म्हणून स्पष्ट लिहितो, लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटो. तुमची कंबर सात वर्षे दुखते. तुमचाही एमआरआय नॉर्मल आला होता. कोणी तुम्हाला नाटकी म्हटले नाही. विहारात सगळे खाली बसतात, तुम्हाला खुर्ची मिळते, तीही पंख्याखाली. एका लग्नात हळदीला तुम्ही नाचलात, तरी दुसऱ्या दिवशी मामींनी कंबर शेकून दिली, "काल तर नाचत होता" असे म्हणाल्या नाहीत. माणसाला जे लागू, ते चिंधीला का नाही? शेजारच्या ठमाबाई तिच्या रात्रीच्या ओरडण्याची तक्रार करतात, हे तुमचे दुसरे कारण. त्यांनी तक्रार केली होती, खरे आहे. आता त्याच सकाळी दार वाजवून "रात्र कशी गेली तिची?" विचारतात.

चिंधी जाणार नाही. तिला जावे लागले तर मीही जाईन, चावी ठमाबाईंकडे असेल, आणि खोली झाडून, पुसून, दिवे बंद करून देईन. याहून जास्त मला काही म्हणायचे नाही. मामींना जय भीम.

तुमचा आज्ञाधारक (एक बाब सोडून)
भाचा प्रमोद

ता. क. दुसरी खोली मी अजून पाहिलेली नाही. वरील मजकूर ठाम दिसावा म्हणून तसा लिहिला आहे, पण मागे घेत नाही.

आणखी ता. क. तुमचा विजेचा शेकायचा पट्टा तुम्ही दोन दिवस शोधत आहात, असे मामींकडून कळले. तो त्यांनीच शुक्रवारी माझ्याकडे दिला. वर चादरीची घडी घालून चिंधी त्यावरच झोपली आहे. ओरडू नका, फक्त एक सांगा. पट्ट्याला तीन आकडे आहेत. कितीवर बरे वाटते आणि कितीवर चटका बसतो, हे मला कळत नाही, तिला सांगता येत नाही. आपल्या घरात हे फक्त तुम्हाला माहीत आहे. फोनवर नको, येऊन दाखवा. खुर्ची पंख्याखाली ठेवतो.