टाळ्या कधी वाजवायच्या?

तीर्थरूप भावोजींच्या चरणी (ते गिऱ्हाइकाला गादी दाखवायला वर घेतले असतील तर तिथे) धाकट्या मेहुणीचा नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. ताईची कंबर कशी आहे? गाद्यांच्या दुकानात नवरा आणि बायकोची कंबर दुखते, म्हणजे दिव्याखाली अंधारच. बँडमधून तुम्हाला पळवून नव्या दुकानात बसवल्यापासून बाबा मात्र खूश आहेत. म्हणतात, जावई गादीवर आडवा झाला की गिऱ्हाइकाला जांभई येते. (आपल्या गाण्यांनाही काहींना यायची, तेव्हा नाही कौतुक केलं.)

पत्रास कारण की, तुमच्यावाचून आमचं काहीही अडलेलं नाही. उलट बँडला नवा आवाज सापडलाय. आपली वाटणी पहिल्यापासून ठरलेली, सुरुवात माझी आणि शेवट तुमचा. मी मुखडा नि चाल बसवून चहा टाकायला जायचं, चहा होईपर्यंत तुम्ही गाणं संपवून ठेवायचं. तुम्ही गेल्यावर मी जिद्दीनं एकटीच बसले. मुखडा केला, चहा केला, येऊन बघते तर गाणं होतं तिथेच. (चहा मात्र दोन कप झाला होता. सवय, दुसरं काय.)

तरी कार्यक्रम घेतला. पहिलं गाणं झकास सुरू झालं आणि मग सुरूच राहिलं. मी ड्रमवाल्या भूकंपाकडे बघतेय, तो माझ्याकडे. त्याला वाटतंय मी थांबेन, मला वाटतंय तो थांबवेल. मी मुखडा पुन्हा घेतला, मग अर्धा घेतला, मग नुसतंच हं हं. पुढच्या रांगेतल्या एक बाई टाळीसाठी हात उचलून बसल्या होत्या, बिचारीचे हात भरून आले. शेवटी सभागृहाच्या वॉचमननं कंटाळून मेन स्विच पाडला. अंधार. गाणं एकदाचं थांबलं, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट की विचारू नका. आयुष्य अर्ध्यावर कसं तुटतं याचं इतकं धाडसी दर्शन पूर्वी झालं नव्हतं, असं पेपरातल्या समीक्षकांनी लिहिलं. आम्हाला नाचता येईना तर लोक अंगणाचंच कौतुक करायला लागले. रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांना आता अख्खा अल्बम असाच हवाय, आणि स्टुडिओत वॉचमनही हवाय.

पण खरं सांगू? त्या अंधारात टाळ्या वाजत होत्या आणि मी सवयीनं डावीकडे, तुमच्या कीबोर्डच्या जागेकडे बघितलं. लाइट आले तेव्हा तिथे भूकंपाची पिशवी होती. मला रडू आलं. (भूकंपाला सांगितलं, घाम आहे.) असो. ताईला जपा, बाबांना नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. गैरसमज नको, तुमची गरज अशी काही नाहीच.

ता. क. दुसरा. सोमवारी रेकॉर्डिंग आहे. एक गाणं असं झालंय की दोघं मिळून गाणी करायची, त्यातला एक उठून गेला. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाच ठाऊक. साहेब म्हणतात, तसंच अर्धं सोडा. मला नाही सोडायचं. हे एक गाणं मला पुरं हवंय.

ता. क. तिसरा. हे पत्रही मला संपवता येत नाहीये, हे तुम्ही ओळखलं असेलच. शेवट पोस्टानं पाठवू नका. सोमवारी सकाळी या. तुम्ही बसा, मी चहा टाकायला उठते.