महापौरांच्या दोन बादल्या

हॅरोपोर्ट, फेब्रुवारीचा शेवटचा बुधवार

आदरणीय केझिया आत्यांस,

मेहिटेबलचा नम्र नमस्कार. तुमचे गुडघे या थंडीत कसे आहेत? (डाव्याची चौकशी बाबांकडून, उजव्याची माझ्याकडून.) आम्ही सर्व देवकृपेने बरे आहोत. माझी सर्दीही आता उतरली आहे. ती खरी होती, हे आधीच सांगून ठेवते. कारण रविवारी मी प्रार्थनेला न जाता घरी राहिले आणि पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आपल्या गावाला शहराची सनद मिळाल्याचं तुम्हांला ठाऊक आहेच. (गाईंना कुणी कळवलेलं नसावं, त्या अजून हमरस्त्यावरच बसतात.) वीस वर्षं काकवी आणि खारवलेला मासा विकून बाबा महापौर झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी पहिला नियम केला: आग लागली तर हाताशी असाव्यात म्हणून प्रत्येक घराने दाराशी दोन चामड्याच्या बादल्या टांगाव्यात, त्यांवर मालकाचं नाव असावं, त्या कोरड्या आणि रिकाम्या असाव्यात, आणि त्यांत दुसरं काहीही ठेवू नये. मोडणाऱ्याचं नाव प्रार्थनाघरात सर्वांसमोर वाचलं जाईल. या नियमाच्या एक्केचाळीस प्रती मी माझ्या हाताने लिहिल्या. तेव्हा मला तो माहीत नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

शनिवारी दुपारी मागच्या कोठारातलं काकवीचं एक पिंप गळू लागलं. बाबा ओबेद स्प्रेगच्या भट्टीवर पाव तोलायला गेले होते. (हेही आता महापौराचंच काम. स्प्रेगचे सोळा पाव हलके निघाले, ते बाबांनी अनाथांच्या घरी पाठवले, आणि तेव्हापासून स्प्रेग आमच्या दारावरून जाताना नमस्कार म्हणून टोपीला हातही लावत नाही.) मी घरातली सगळी भांडी भरली, घागर भरली, आईची पीठ मळायची परातही भरली, तरी पिंप गळतच होतं. सांडलेली काकवी म्हणजे देवाच्या देणगीचा अपमान, हे बाबांनी मला अक्षर ओळखायच्या आधी शिकवलं आहे. राहिल्या होत्या त्या दोन बादल्या. मी त्या भरल्या आणि एक जुनं पिंप धुऊन त्यात लगेच रिकाम्या करणार, तोच सूर्य मावळला.

आता तुम्हीच सांगा. शनिवारचा सूर्य मावळला की प्रभूचा दिवस सुरू, आणि प्रभूच्या दिवशी काम करणं पाप. त्या दिवशी काकवी ओतणं हे काम आहे की नाही, यावर मी बराच वेळ विचार केला आणि काम आहे असं ठरवलं. देवाचा नियम मोडू नये म्हणून मी बाबांचा मोडला.

रविवारी, पाद्रीबाबांच्या प्रवचनातल्या चौदा मुद्द्यांपैकी पाचवा चालू असताना, स्प्रेगच्या भट्टीचं छप्पर पेटलं. रविवारी घरी चूल पेटवायची नसते म्हणून तिथे अख्ख्या गावाची घेवड्याची मडकी आदल्या संध्याकाळपासून शिजत ठेवलेली असतात, त्यामुळे प्रार्थनाघर इतक्या वेगाने रिकामं झालं की पाद्रीबाबाही सहावा मुद्दा सोडून "अरे, माझं मडकं डाव्या कोपऱ्यात आहे!" असं ओरडत धावले. भट्टी आमच्या समोरच. पळत आलेल्या माणसांनी दारातल्या बादल्या उचलल्या. घसा बसल्यामुळे मला "थांबा" एवढंच म्हणता आलं, आणि आग लागली असता थांबा म्हणणाऱ्या मुलीकडे कोण बघतं? बादल्या हातोहात शिडीवर गेल्या. लाजेने मी माडीवर पळाले आणि तिथल्या खिडकीतून पाहिलं.

शिडीच्या टोकाला स्वतः स्प्रेग होता. त्याने बादली उपडी केली. काही पडलं नाही. थंडी फार होती. सगळा गाव वर बघत उभा होता, स्प्रेग बादली उपडी धरून उभा होता, आणि काकवी सावकाश निघाली. मग दुसरी. मग खूप वाफ झाली आणि आग विझली.

स्प्रेग खाली उतरला. बादलीवरचं सोनेरी 'जेबेझ थॉर्ली' त्याने सर्वांना दाखवलं. "काय महापौरसाहेब, माझा पाव तोललात, आता तुमची बादली तोलू का?"

बाबांनी बादली पाहिली, छप्पर पाहिलं, आमची खिडकी पाहिली. म्हणाले, "ओबेद, आग विझली की नाही?"

"विझली."

"मग?"

आत्या, या 'मग'ने घात केला. मंगळवारपर्यंत गावभर झालं की थॉर्लींनी दूरदृष्टीने काकवी भरून ठेवली होती. (त्या दिवशी घेवडाही फार गोड लागला म्हणतात.) उद्या नगरसभा ठराव करणार आहे की दर घरी एक बादली काकवी असावी. मी बाबांना म्हटलं, खरं सांगून टाका. तर म्हणाले, "मेहिटेबल, गिऱ्हाईक मालाची स्तुती करत असेल तर मध्ये बोलू नये, हे मी तुला आठव्या वर्षी शिकवलंय."

"आणि खोटं बोलू नये हे सहाव्या वर्षी."

"तेही शिकवलंय. जरा विचार करू दे."

ते विचार करत आहेत. माझ्यासमोर नव्या ठरावाच्या प्रतींसाठी एक्केचाळीस कोरे कागद आहेत आणि हात चालत नाही. सभेत मुलींनी बोलायचं नसतं. माझे वडील लबाड ठरू नयेत, एवढंच मी देवाजवळ मागते. तुम्हीही मागा.

तुमची आज्ञाधारक भाची,
मेहिटेबल

ता. क. (गुरुवार) बाबा सभेहून आले. त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं आणि रविवारी स्वतःचं नाव वाचायला पाद्रीबाबांकडे लिहून दिलं. स्प्रेगने टोपीला हात लावला. मी रडले. वर बाबांबद्दल जे लिहिलं आहे ते कृपा करून वाचू नका.

आणखी ता. क. ठराव मात्र झाला. लोकांचं म्हणणं असं, की काकवी चुकून एवढी उपयोगी पडते, तर मुद्दाम भरून ठेवली तर किती पडेल! बाबांनी मत दिलं नाही. टोपी हातात धरून बसले होते म्हणे.

अगदी शेवटचं. काकवी पडली त्याच वेळी धुराड्यामागचा बर्फाचा मोठा थर घसरून थेट आगीवर आला. तो फक्त माडीवरून दिसत होता. बाबांना आत्ताच सांगितलं. ते टोपी घालून पुन्हा सभेकडे गेले. पण ही बातमी ऐकून तुमच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी मागवलेली काकवीची वीस पिंपं या पत्राच्याच गलबतात चढली आहेत. आत्या, काकवी उत्तम आहे, घेवड्यात जरूर घाला. पण तुमच्या दाराशी टांगलेल्या बादल्या तेवढ्या, मी पाया पडते, रिकाम्या ठेवा.