‘जरासं’ या शब्दावर बंदी

३ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.
चि. टाचणीस अ. आ.

आपल्या घरातल्या पत्रं लिहिणाऱ्या बायांनो, आपली सगळ्यांची एक जुनी तक्रार आज मी उघड मांडते. आपल्याकडे पत्र वेळेवर येतं आणि बातमी उशिरा येते. आईने वर्षभर आपल्याला लिहिलं की काखेत जरासं दुखतंय. तिच्या आधी आजीनेही तेच केलं. त्या ‘जरासं’चा अर्थ दोन्ही वेळा आपल्याला डॉक्टरांनी समजावून सांगितला, आणि तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोणी आपली तोंडं दाबली नव्हती, आपणच ती या एका शब्दाने बंद करून घेतली. म्हणून मी आजपासून या घरापुरती त्यावर बंदी घालते. दुखत असेल तर दुखतंय असं लिहायचं. नसेल तर नाही म्हणायचं. मधलं काही चालणार नाही.

सुरुवात माझ्यापासून. ऑपरेशन झालं. दोन्ही स्तन काढले आणि त्याच वेळी आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवल्या. मावशी, मला कॅन्सर झालेला नव्हता, हे तुझ्या शेजारणीला पुन्हा एकदा सांग. आईकडून आलेला जनुकातला दोष माझ्या रक्तात सापडला, म्हणून रोग यायच्या आधीच मी त्याची जागा मोडीत काढली. न आलेल्या पाहुण्यासाठी घर कशाला पाडायचं, असं ती विचारत होती ना? तिला म्हणावं, हा पाहुणा आमच्याकडे दोनदा येऊन गेलाय, आणि दोन्ही वेळा जाताना माणूस घेऊन गेलाय.

दुखतंय. हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे कामगार सभेतली माझी भाषणं सध्या कमरेच्या उंचीवर चालू आहेत. दोन्ही काखांखालून एकेक नळी बाहेर येते आणि तिच्या टोकाला पाणी साचायला रबरी फुगा असतो. ते पाणी मापायचं काम टाचणीच्या भावोजींनी आपणहून घेतलंय. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्यांना सगळीकडे लिफ्टच दिसते. काल म्हणाले, उजवी नीट चालते आहे, डावी मधल्या मजल्यावर अडकते.

टाचणी, आता तुझी पाळी. तुझ्यातही तो दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. चाचणी म्हणजे ऑपरेशन नव्हे, नुसतं रक्त द्यायचं आहे. मावशीने दिलं, तिच्यात दोष नाही निघाला, आता ती आमच्यापेक्षा मोठ्याने हसते. उत्तर आल्यावर तू काय करायचं, की काहीच करायचं नाही, ते तुझं तू ठरव. पण आधी माहीत तर करून घे.

मावशीला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपण तिघी अजून कागदावर बोलतो. निदान कागद तरी खरं बोलू दे. दोघींचा लोभ आहेच, तो उत्तरातून दिसावा.

तुमची
भोंगा

९ फेब्रुवारी

ती. भोंगाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात उघडलं. मनातल्या मनात वाचत होते, तरी दाबयंत्रावरच्या काकांनी मान वर करून विचारलं की कोण ओरडतंय.

सध्या एका वाचनालयाचे सगळे शब्दकोश आमच्याकडे नव्या बांधणीला आलेत. जुनी शिवण उसवायची, पानांचे जुडगे वेगळे करायचे, पुन्हा शिवायचे, पाठीला खळ लावून दाबात ठेवायचे. लोकांनी शब्दकोश इतके वापरलेत की कडा काळ्या झाल्यात. तुझा बंदीचा शब्द शोधला. त्याचे अर्थ दिलेत थोडे, किंचित, अल्प. आपल्या घरचा अर्थ त्यात नाही.

बंदी आहे म्हणून खरं लिहिते. मला सुईची भीती नाही, दिवसभर सुईच हातात असते. मला उत्तराची भीती वाटते. डॉक्टरांनी चाचणीसाठी दिलेली चिठ्ठी पर्समध्येच आहे, दर वेळी कंगवा शोधताना हाताला लागते आणि मी केस विंचरायचेच सोडून देते. काका म्हणतात, हल्ली तुझ्या डोक्यावर कावळ्याने संसार मांडलाय.

तर माझी अट ऐक. तुझी बांधणी कशी बसते ते मी आधी बघणार. तू नीट सुकलीस, की मी रक्त द्यायला जाईन. तोवर मला ढकलू नकोस. ओली खळ असताना पुस्तक दाबातून ओढलं की काय होतं ते मी रोज बघते.

भावोजींना नमस्कार. त्यांच्या लिफ्टला माझ्या शुभेच्छा. लोभ कमी करू नकोस, आवाज केलास तरी चालेल.

तुझी
टाचणी

१६ फेब्रुवारी

चि. टाचणीस अ. आ.

इकडे सगळं उत्तम. हवा छान आहे. तुझ्या भावोजींनी गॅलरीच्या दाराची बिजागरी बदलली, आता दार वाजत नाही. नळ्या काढल्या. उजवी बाजू अगदी सुरेख बसली आहे. डाव्या टाक्यांपाशी जरासं ओलं आहे, पण ते असं होतंच. तेव्हा तू आता चाचणीचा दिवस ठरवायला हरकत नाही.

लोभ आहेच, तो राहू दे.

भोंगा

१८ फेब्रुवारी, रात्री

ती. ताईस सा. न.

हवा छान आहे? ताई, हवामान खात्याचा निषेध करणारा ठराव सोडला तर तू आयुष्यात हवेबद्दल अक्षर लिहिलेलं नाहीस. पत्र अर्ध्या पानात संपलं तिथेच मला शंका आली. मग बिजागरी आली. आणि मग तो शब्द आला, तुझ्या अक्षरात, आईच्या अक्षराइतकाच ठसठशीत.

मी हातातलं काम ठेवलं आणि भावोजींना फोन लावला. ते कुठल्यातरी इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये होते. मी विचारलं, डावी बाजू तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? ते म्हणाले, ती चार दिवस शाल काढत नाही, मी विचारलं की सभेचा विषय काढते. मी त्यांना सांगितलं, तिने पत्रात ‘जरासं’ लिहिलंय. त्यावर त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. लिफ्टमधल्या माणसांना बाहेर काढलं आणि तसेच ग्रीस लागलेल्या हातांनी घरी निघाले. इतक्या वर्षांत आपल्या घरात येऊन ते काही शिकले असतील तर हा एक शब्द.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. तुला दवाखान्यात ठेवून घेतलंय. ताप होता, बाजू लाल आणि गरम झाली होती, टाक्यांची कड काळी पडून उघडली होती. आणि तू त्यांना म्हणालीस, हा ताप भाषणाचा आहे.

मला तुझा राग आलाय. जरासा नाही, भरपूर. हातातले शब्दकोश शनिवारी काकांकडे सोपवून मी निघते. तोवर तू मला सगळं लिहायचं, जसं दिसतं तसं. लोभाचं नंतर बघू.

टाचणी

२१ फेब्रुवारी

चि. टाचणीस अ. आ.

आरोपी हजर आहे. उजव्या हाताने लिहिते आहे, डाव्यात सलाईन आहे.

झालं ते असं. स्तन काढल्यावर वर जी कातडी उरते ती पातळ असते. कधीकधी तिच्या कडेपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, मग कड मरते आणि काळी पडते. ती उघडली आणि आत जंतू शिरले. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की मी हात वर करून बोलले म्हणून का झालं. त्या म्हणाल्या, नाही, सगळं नीट केलं तरी काहींना होतं, पण ओलं दिसल्याच्या दिवशीच तुम्ही आला असतात तर आम्हाला सोपं गेलं असतं. हे वाक्य मी मुकाट ऐकलं. साक्षीदार तुझे भावोजी.

डावी पिशवी काढावी लागली. काही महिन्यांनी पुन्हा बसवता येईल, नाही बसवली तरी चालेल. आता एका बाजूला टेकडी आहे आणि दुसऱ्या बाजूला सपाट मैदान. जन्मभर मी डाव्या बाजूने बोलत आले, आणि तीच बाजू ऐनवेळी फितूर झाली. कामगार सभेतल्या विरोधकांना हे कळू देऊ नकोस, त्यांना वर्षभर विनोद पुरेल.

रडले का? रडले. पिशवी काढल्यावर अंगाकडे बघायला दोन दिवस लागले. बघितल्यावर वाटलं होतं तितकं भयंकर वाटलं नाही, पण बरंही वाटलं नाही. दोन्ही खरं आहे.

आता शब्दाबद्दल. तुझी अट वाचली आणि मी घाबरले. मी नीट सुकले तर तू चाचणीला जाणार होतीस. मग माझं न सुकून कसं चालेल? म्हणून मी कागदावर सुकले. तुला भीती वाटू नये म्हणून लिहिलं, आणि आईनेही अगदी ह्याचसाठी लिहिलं असणार हे मला इथे पडल्यापडल्या कळलं. बंदी घालणं सोपं होतं. काल इथल्या नर्सने विचारलं किती दुखतंय, माझ्या तोंडून तोच शब्द गेला. ती शांतपणे म्हणाली, एक ते दहामध्ये सांगा. मी सात म्हणाले. तिने लगेच औषध आणलं. इतकं सोपं होतं ते.

तुझ्या अटीप्रमाणे मी हरले. मी सुकले नाही. तेव्हा चाचणीचा विषय मी आता काढणार नाही. लोभ परत चालू कर, एवढीच विनंती.

भोंगा

२७ फेब्रुवारी

दोघींस अनेक उत्तम आशीर्वाद.

मला ऐकू येत नाही, वाचता येतं, हे विसरून तुम्ही मला वगळून भांडताय. टाचणीने जाताना वाटेत माझ्याकडे उतरून सगळी पत्रं दाखवली म्हणून कळलं.

तो शब्द कुठून आला ते ऐका. लहानपणी अंग गरम लागलं की आम्हाला बाहेर सोडत नसत. मग मी आणि तुमची आई, दोघी ‘जरासं’ म्हणायला शिकलो. खेळायला जाता यावं म्हणून काढलेला शब्द होता तो. पुढे खेळायला जायचं राहून गेलं आणि शब्द तेवढा राहिला. तेव्हा त्याला फार शिव्या देऊ नका, त्याला फक्त घरी बसवा.

मोठीच्या डाव्या बाजूसाठी लोकरीची उशी विणली आहे. आत कापूस आणि वजनाला मोहरी. माप तुझ्या लग्नाच्या फोटोवरून काढलं. जखम पूर्ण भरल्यावरच वापर. कमी पडली तर संकोच न करता कळव, मोहरी भरपूर आहे. जावईबापूंना सांगा, हे दुरुस्त करायला उघडायचं नाही.

तुमची
मावशी

१२ एप्रिल

ती. भोंगाताईस सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत आल्यापासून लिहीन म्हणते आहे. काल शेवटचा शब्दकोश दाबातून निघाला, म्हणून आज हात मोकळे आहेत.

मी तुझ्याकडे पोचले त्या दिवशी तुला नुकतंच घरी सोडलं होतं आणि बाहेरच्या खोलीत तुझी कार्यकारिणी बसली होती. तुझ्या खांद्याला जखमेतलं पाणी ओढणारं ते छोटं यंत्र लटकलेलं, आणि खजिनदार उठून बोलायला लागले की ते नेमकं गुरगुरायचं. तिसऱ्यांदा गुरगुरल्यावर बिचारे म्हणाले की माझा मुद्दा मागे घेतो. तू यंत्राकडे बोट दाखवून म्हणालीस, ह्याचं मत नोंदवून घ्या.

मग मंडळी गेली, नर्स आली, आणि पट्टी बदलताना मी थांबू का असं मी तुला विचारलं. तू हो म्हणालीस. ताई, मी घरून निघाले ती डोळे मिटायची तयारी करूनच. कितीतरी रात्री मी मनात ती जखम पाहिली होती, आणि मनातली फार मोठी होती. खरी तळहातात मावेल एवढी होती, तळाशी गुलाबी, कडांनी आत आत येणारी. नर्स म्हणाली, ही आतून वर भरत येते, वरून शिवून टाकली तर आत पोकळी राहते. आम्हीही पुस्तक पाठीकडूनच धरतो, मुखपृष्ठ शेवटी. आणि हे सगळं चालू असताना तू पुढच्या सभेचा फलक कुठे लावायचा यावर भावोजींशी वाद घालत होतीस. मध्येच थांबून म्हणालीस, आत्ता दुखतंय, पाच. आणि पुन्हा फलकावर आलीस. तिथे माझी भीती जराशी कमी झाली, असं मी लिहिणार होते. बंदी आहे. अर्धी कमी झाली.

माझी अटच चुकीची होती. तू नीट सुकलीस की जाईन म्हणाले, म्हणजे मी माझं ओझंही तुझ्या टाक्यांवर ठेवलं. टाके काय काय धरतील? तुझं बिघडलं, आणि तरी तू तूच राहिलीस, तशीच कर्कश. माझं उत्तर काहीही आलं तरी मी मीच राहीन, एवढं मला त्या खोलीत कळलं. ऑपरेशन करेन की दर वर्षी तपासत राहीन, माहीत नाही. ते त्या दिवशी ठरवायचंच नाहीये.

चिठ्ठी पर्समधून काढली. केस विंचरले. काकांनी कावळ्याबद्दल दुखवटा व्यक्त केला.

भावोजींनी कळवलं की जखम भरली आणि डॉक्टरांनी तुला प्रवासाची परवानगी दिली. तर आता ऐक, हे माझं एकुलतं एक भाषण आहे. येत्या सोमवारी सकाळी साडेनऊला माझं रक्त घेणार आहेत. तू रविवारीच ये. मावशीची उशी लाव, नाहीतर मैदान तसंच घेऊन ये. तिथल्या बाकावर माझ्या डाव्या बाजूला बस, माझा हात धर, आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत एक शब्दही बोलू नकोस.

लोभ असू दे. जरासा मात्र नको.

तुझी
टाचणी