ही चौकात गाणार आहे

४ मे, रविवार

हिने नाव दिलं! मला न विचारता, तिघांचंही. २५ तारखेला म्हणे शहरभर ज्याला वाटेल त्याने, वाटेल ते वाद्य घेऊन रस्त्यावर वाजवायचं. तिकीट नाही, निवड नाही, परीक्षक नाहीत. फक्त जागा वाटून देतात. आमच्या वाट्याला कारंज्याचा चौक आलाय. मी मेंडोलिन, मेहुणा गिटार आणि ही गाणार.

गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ही गायलेली नाही. थायरॉइडची गाठ होती. साधी निघाली, जखम भरली, सगळे म्हणाले सुटलात. फक्त गाण्याचा आवाज गेला. बोलते नीट, पण गायला लागली की वरचा सूर लागतच नाही, नुसती हवा येते. डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीही येणार." याला काय उत्तर म्हणायचं? तेव्हापासून हिचा गाण्याचा क्लास बंद आहे. क्लासच्या खोलीत आम्ही कपडे वाळत घालतो.

जेवताना म्हणाली, "चौकात नीट झालं तर क्लास परत सुरू करीन. नाही झालं तर विषय संपला. मग मला कुणी समजावत बसायचं नाही." कुणी म्हणजे मी!

६ मे, मंगळवार

क्लासमधल्या एका मुलीची आई भाजी घेताना भेटली. "बाई कधी सुरू करतायत?" मी म्हटलं, "बघू." हा 'बघू' आता वापरून वापरून पार झिजलाय.

सराव कुठे करायचा हा प्रश्न होता. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ, घरात गिटार काढायची सोय नाही. मलाच सुचलं – ज्या नव्या इमारतीत मी लिफ्ट बसवतोय, तिथे अजून कुणी राहायला आलेलं नाही. रविवारी काम बंद असतं. वॉचमन ओळखीचा. खालचा हॉल ऐसपैस आणि रिकामा. माझ्या डोक्यातून कधीकधी बऱ्या कल्पना निघतात.

११ मे, रविवार

पहिला सराव. लिफ्टला अजून दारं बसलेली नाहीत, तिचा शाफ्ट हॉलमध्ये उघडाच आहे, थेट गच्चीपर्यंत पोकळ. त्याच्यासमोर फळी आडवी टाकली. फळीच्या अलीकडे आम्ही बसलो.

ही भीतभीत सुरू झाली, खालच्या सुरात. मग अंतरा. आणि वरचा सूर – लागला! नुसता लागला नाही, भरून राहिला. वॉचमन धावत आला. "बाई, अख्खी बिल्डिंग गातेय!" हिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून तारा जुळवत बसलो, जुळलेल्याच होत्या. डोळे भरून आले होते, दुसरं काय.

मेहुणा नेहमीप्रमाणे मागे राहत होता. औषधाचं दुकान आहे त्याचं. गोळ्या बरोबर मोजतो, मात्रा चुकवतो. चालायचंच. माझी लय पक्की आहे म्हणून निभावतं.

१४ मे, बुधवार

भांडी आवरताना गुणगुणत होती! मी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. काढलं असतं तर थांबली असती.

१८ मे, रविवार

दुसरा सराव, पहिल्यापेक्षा सरस. घरी येताना ही भरभर चालत होती, आम्ही दोघं मागे ओझी घेऊन.

हिने मुलींच्या आयांना चौकात बोलावलंय. "मुलींनाही आणा," म्हणाली. मला ते पटलं नाही. "आधी होऊ दे की!" म्हटलं.

"अहो, ऐकायला कुणी नको का?"

हेही खरंच. पण मला धास्ती वाटतेय.

२४ मे, शनिवार

उद्या. नव्या तारा चढवल्या. जेवण गेलं नाही.

२५ मे, रविवार

लिहायचं जिवावर आलंय. पण लिहितो.

सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं. सलूनवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून ट्रम्पेट वाजवत होता, अंगावर ॲप्रन तसाच. पोस्टातल्या बायकांचा ड्रमचा ताफा होता. चौकाच्या पलीकडच्या टोकाला बँकेतले लोक बँड लावून बसले होते. कुणी कुणाला हसत नव्हतं. मला वाटलं, जमतंय आज.

पहिली ओळ ठीक. दुसऱ्या ओळीला हिचे ओठ हलताना दिसले. मी हाताच्या अंतरावर बसलोय आणि मला ऐकू येत नाही! वरच्या सुराला हिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. आवाज नाही. वर आभाळ, भोवती मोकळा चौक, भिंत म्हणून नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या इमारतीत ही गात नव्हतीच, शाफ्ट गात होता! अर्धं आयुष्य शाफ्टमध्ये काढलंय मी. तिथे हातातून पाना पडला तरी दणका उठतो. मला कळायला नको होतं? बावळट, बावळट!

मी हलक्या हाताने वाजवायला लागलो. मेहुण्याला कशाचा पत्ता नाही, तो आपला झोडपतोय. पुढे बसलेल्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एका आईने मोबाइल काढला.

दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यावर ही थांबली. खोकली नाही, सबब सांगितली नाही. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "तुम्ही दोघं वाजवा. थांबू नका." आणि समोरच्या गर्दीत निघून गेली.

आम्ही वाजवत राहिलो. ही कुठे उभी आहे ते दिसेना. शेवटी टाळ्याही पडल्या. घरी येताना ही एवढंच म्हणाली, "दूध घ्यायचंय."

२६ मे, सोमवार

अबोला नाही. धोबी, दूध, नळाची गळती – सगळं बोलते. गाण्याचं नाव नाही. मी म्हटलं, "जागेमुळे फसलो आपण. चूक माझी आहे."

"हं."

रडली असती तर बरं झालं असतं. शेवटी मीच बाथरूममध्ये जाऊन रडून आलो. नळ सोडून ठेवला होता.

२८ मे, बुधवार

संध्याकाळी त्या मोबाइलवाल्या बाई दारात आल्या. मी आतल्या खोलीत होतो. बराच वेळ कुजबुज चालली. मग दार लागलं. काय बोलणं झालं ते हिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मेहुण्याचा फोन. "भावोजी, ताई काय म्हणते?"

"काही नाही."

"मग अवघड आहे."

त्यालाही कळलंय. हिला सांगावंसं वाटलं – जाऊ दे गं, गाणंच तर आहे! तोंडाशी आलेलं गिळलं. गाणंच तर नाही ते. हिचं सगळं त्यातच होतं, आणि मला हिच्यासाठी काही करता येत नाही.

३० मे, शुक्रवार

चहा घेताना म्हणाली, "क्लास सोमवारपासून. परवा त्या बाईंनाही तेच सांगितलं."

माझ्या हातातली बिस्किटं तशीच राहिली. "आणि आवाज?"

"गेला तो गेला. कान आहेत ना! रविवारी गर्दीत उभी राहून तुम्हा दोघांना पहिल्यांदा समोरून ऐकलं. इतकी वर्षं मी मध्ये गात होते, म्हणून कळलं नाही. माझा भाऊ बिचारा बरोबर वाजवतो हो. तुम्ही पुढे पळता. दर ओळीला!"

मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "पोरींच्या आधी तुमची बॅच. वाद्य आणायचं नाही. आधी नुसती टाळी."

मला राग यायला हवा होता. कसला येतोय! उठून कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. मग मेहुण्याला फोन केला. "सोमवारी ये," एवढंच म्हटलं. कोण बरोबर आणि कोण पळतं ते हिलाच सांगू दे.