दशक्रियेला मी बोलले नाही ते

सर,

‘आदरणीय’ लिहिलं होतं, ते खोडलं. अर्जाच्या सुरुवातीला अशी तोरणं बांधायची नाहीत, हे तुमचंच शिकवणं. नुसतं ‘सर’ लिहा आणि कामाचं बोला.

कामाचं हे आहे: परवा तुमच्या दशक्रियेला मी माइकवर दोन शब्द बोलले आणि तेव्हापासून मला स्वतःची लाज वाटते आहे. ते शब्द आता मागे घेता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

घाटावर गर्दी खूप होती. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एक पुढारी म्हणाले, “विलास सरांनी आजन्म ब्रह्मचारी राहून पोरांची सेवा केली.” ब्रह्मचारी! तुम्ही असता तर पोट धरून हसला असतात. तुम्हाला बायको का नाही, हे वारूळवाडीत अर्ध्या गावाला ठाऊक होतं. आपल्याला पुरुषच आवडतात, हे तुम्ही आईला आणि भावाला समोर बसवून सांगितलं होतं. तरी सगळ्यांनी मिळून तुम्हाला ब्रह्मचारी करून टाकलं. माना हलल्या. माझीही हलली असेल.

मग तुमच्या थोरल्या भावांनी मला पुढे केलं. “बोला मॅडम. चाकणला मोठ्या कंपनीत हायेत, आपल्या विलासच्याच विद्यार्थिनी.”

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. “सरांनी अनेक होतकरू मुलांना नोकरीसाठी मार्गदर्शन केलं. मुलाखतीची तयारी करून घेतली. ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यासाठी सर स्वतः फोन करायचे. त्यांची उणीव कायम भासेल.”

यात एकही वाक्य खोटं नाही. तेच तर!

तुमच्या टोमॅटोच्या शेडवर मी पहिल्यांदा आले ते कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. त्याआधीच्या मुलाखतीत सर्किट मी न अडखळता समजावलं होतं आणि “लग्नाचं काय ठरवलंय?” यावर गप्प झाले होते. इतकी गप्प, की समोरच्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तुम्ही कॉलेजचं प्लेसमेंट बघायचात, म्हणून तुमच्या ऑफिसात येऊन एवढंच म्हणाले, की त्या प्रश्नाला मला उत्तर नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “रविवारी शेडवर ये. अशी अजून पोरं येत्यात.” ‘अशी’ म्हणजे कशी, हे मी विचारलं नाही. तुम्हाला कळलं कसं, हेही विचारायचं राहूनच गेलं.

टोमॅटोचे उलटे घातलेले क्रेट, हीच आमची इंटरव्ह्यूची खुर्ची. “क्रेटवर ताठ बसता आलं ना, की सायबाच्या खुर्चीची भीती जाती.” एकाला आवाज जाड काढायची सवय लागली होती. त्याला म्हणालात, “राव, तुला ऑपरेटर व्हायचंय का कीर्तनकार? हाय त्या आवाजात बोल.” तो स्वतःच इतका हसला, की क्रेटवरून घसरला. मुलं आवडणारी मुलं, मुली आवडणाऱ्या मुली, नाव बदललेली माणसं, सगळी तिथे एका ओळीत बसायची आणि तुम्ही सगळ्यांना सारखंच झापायचात.

माझ्या लग्नाच्या प्रश्नावर तुम्ही दिलेलं उत्तर मी अजून वापरते. “न सांगणं येगळं आणि खोटं बोलणं येगळं. म्हणायचं, सध्या कामावर लक्ष द्यायचंय. खरं हाय ना? मग झालं.”

पण मी चपला घालत असताना तुम्ही आणखी एक बोलला होतात. “हे त्या खोलीपुरतं हं. तिथं त्यांच्या हातात तुझी भाकरी असती. भायेर आल्यावर पण असंच बोलत राह्यलीस, तर जलमभर मुलाखतच चालू राहील.”

चालूच आहे, सर. माझी कल्याणी ऑफिसात सगळ्यांसाठी नुसती रूममेट आहे. आईला विचाराल तर तिच्यासाठीही रूममेटच. आणि परवा घाटावर कुणाच्या हातात होती माझी भाकरी? कुणाच्याही नाही. तरी तुम्ही शिकवलेली युक्ती मी तुमच्यावरच वापरली. तुमचं आयुष्य नीट पुसून, स्वच्छ करून लोकांच्या हातात दिलं.

बोलून खाली उतरले, तर समोर सायली. एसटी आली नाही म्हणून डिंभ्याहून घोडेगावपर्यंत कुणाच्या तरी टेम्पोत बसून आणि पुढे मिळेल त्या गाडीने आली होती. तिच्या मार्कशीटवर मुलाचं नाव आहे आणि टेबलासमोर बसते ती सायली, म्हणून दोन कंपन्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. तुम्ही तिला म्हणायचात, “मार्क तुझे हायेत. नाव कागदावर येईल मागनं.”

“ताई, चांगलं बोललात,” ती म्हणाली. “पण कुणाबद्दल?”

“सरांबद्दल.”

“व्हय का? मला वाटलं दुसरे कुणी सर असतील. आमच्या सरांनी आमाला उभं केलं. होतकरू मुलांचं मला काय म्हाईत नाय.”

मग तिने आवाज खाली आणला. “मंगळवारी इंटरव्ह्यू हाय माझा. तुमच्याच कंपनीत. सर फोन करणार व्हते.”

तो फोन मला पाठ आहे. मुलाखतीच्या आधी तुम्ही एचआरला तीन गोष्टी विचारायचात. ओळखपत्रावर नाव कोणतं छापणार? बाथरूम कोणतं वापरायचं? कंपनीच्या बसमध्ये कुणी त्रास दिला, तर सांगायचं कुणाला? उत्तरं मिळाल्याशिवाय पोरगं पाठवायचं नाही.

आणि मी सायलीला काय म्हणाले? “बघते.”

कंपनीवाले ‘बघतो’ म्हणाले की त्याचा अर्थ ‘नाही’ समजायचा आणि पुढचा नंबर लावायचा, हे तुम्ही तिलाही शिकवलं असणार. ती नुसतं “बरं” म्हणाली आणि तुमच्या आईंजवळ जाऊन बसली.

सर, आता तुमच्यावरचा एक राग. गेल्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतं, “तुझ्या कंपनीत लावू का गं फोन, एका पोरासाठी?” मी म्हणाले होते, “तिथे नको सर. तिथे मी आहे.” तुम्ही “बरं” म्हणालात आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. का नाही ओरडलात? क्रेटवर पाठ वाकवून बसलं तरी ओरडायचात! ‘तू आहेस म्हणून तर लावायचा’, एवढं एक वाक्य बोलला असतात, तर मी चिडले असते, पण ते डोक्यात राहिलं असतं. आता ते मलाच मला सांगावं लागतंय, आणि तुमच्याइतकं ठणकावून जमत नाही.

परवापासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासते आहे. न सांगण्याची सोय मला आहे, सायलीला नाही. तिने मार्कशीट टेबलावर ठेवली, की तिचं सगळं सांगून होतं. तरी ती मार्कशीट ठेवते आणि ताठ बसते. मी मात्र आहे ती सोय जपत राहिले. त्या सोयीत जपून ठेवण्यासारखं काय आहे, हे मला अजून सापडलेलं नाही.

आज दुपारी मी तिला फोन केला. म्हटलं, “उद्या मी एचआरला विचारते.”

“बघते का विचारते?”

“विचारते.”

“नक्की? का परत होतकरू?”

“सायली, पुरे.”

ती हसली. तुमच्यानंतर पहिल्यांदाच हसली असेल, किंवा मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा उद्या सकाळी मी एचआरच्या केबिनमध्ये जाणार आहे. तुमचे तिन्ही प्रश्न, त्याच क्रमाने. तिथले साहेब आधी विचारतील, “ही तुमची कोण?” मी सांगेन, आम्ही दोघी वारूळवाडीच्या विलास सरांच्या विद्यार्थिनी. आमच्यासारख्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा ते आम्हाला टोमॅटोच्या शेडमध्ये मुलाखतीला बसवायचे. ‘आमच्यासारख्यांना’ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, तर तेही सांगेन.

आणि नाही विचारलं, तरी सांगेन.

भीती वाटते आहे. पण पाठ ताठ ठेवते.

तुमच्या शेडवरची,
मेघना